नव्या बेसिनातली मिशरी

प्रिय ईरा आणि निनाद,

भूगावचा फ्लॅट रिकामा का ठेवलाय, हे तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत आणि तीनदा मी विषय बदलला. आता लिहूनच सांगते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईने हे लिहावं याची मलाच लाज वाटते... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर "कारण शोधा" एवढंच म्हणत आले.

२००६ साली तो फ्लॅट घेतला. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की थोडं पुढे, दुसरा मजला. घरमालकीण होण्याची माझी पहिलीच वेळ. अकरा महिन्यांचा करार, पोलीस चौकीत दिलेली भाडेकरूची माहिती, मीटरचं रीडिंग — सगळं फाइलला लावलं. भाडेकरू सचिन, बार्शीकडचा, हिंजवडीत आयटीत नोकरीला. सालस मुलगा. त्याची आई सोबत राहणार हे करारात होतं. ती मिशरी लावते हे नव्हतं.

दर महिन्याला पाहणीला गेले की तेच दिसायचं. पांढऱ्या बेसिनात काळपट थुंकी, कडेला वाळलेले ओघळ, नळावर काळ्या बोटाचा ठसा, आणि तो जळक्या तंबाखूचा वास... मी नाकाला पदर लावूनच बोलायचे. म्हातारी काळे दात दाखवून हसायची.

"धुते की बाई आत्ता. एवढं काय त्यात?"

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

अकरा महिने संपले आणि मी करार वाढवला नाही. सचिनने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "आमचं घरचं माणूस येतंय राहायला." खोटं होतं ते.

निघताना म्हातारीने उंबऱ्याला हात लावला. "जीव रमला व्हता हितं. येते बाई."

आपल्यात कोणी 'जाते' म्हणत नाही. मीही रीतीप्रमाणे म्हटलं, "या. घर तुमचंच आहे." म्हणताना माझं लक्ष बेसिनकडे होतं.

मग रंग दिला, बेसिन नवं बसवलं, कुलूप बदललं, पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. आठ दिवसांनी शेवंताला घेऊन झाडलोट करायला गेले. ती माले गावची, आमच्याकडे कामाला. दार उघडलं आणि तोच वास आला. नव्या बेसिनात थुंकी होती — ओली, फेसाळ. नळावर ठसा. मी नळ सोडला. थेंबही आला नाही.

"शेवंता, दुसरी किल्ली कोणाकडे असेल?"

"दोन्ही तुमच्याच पर्समंदी हायेत की."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या दोन्ही आठवड्यांत तसंच घडलं. शेवटी, जाब विचारायचाच म्हणून सचिनला फोन लावला. तो म्हातारीने उचलला, आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "बाई, रोज सपान पडतंय. तुमच्या बेसिनपाशी उभी हाय मी. नवं बसवलंय न्हवं? लई गुळगुळीत हाय."

नव्या बेसिनाबद्दल त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

शेवंताला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमीच 'या' म्हनला न्हवं? आता 'जा' म्हना."

"अगं, जित्याजागत्या बाईला 'जा' कसं म्हणू?"

"मग धुवा," म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

तेव्हापासून इतकी वर्षं फ्लॅट कोणालाच दिला नाही. गेल्या वर्षी म्हातारी वारली. सचिनने कळवलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं झालं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. महिन्याभराने एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. त्या सकाळी मी बेसिन स्वतः घासलं होतं. मुलीने सगळं नीट विचारलं — पाणी किती वेळ, पार्किंग कुठे, सोसायटीत कोणाला भेटायचं. मीही नीट उत्तरं दिली. मग तिने विचारलं, "काकू, आधीचे लोक गेले ना?"

मी बेसिनकडे पाहिलं. नळावरून काळा ओघळ नुकताच उतरत होता... 'हो' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. त्यांना मी परत पाठवलं.

कारण अजून सापडलेलं नाही. दर शनिवारी मी जाते आणि बेसिन धुते. किळस आजही तेवढीच येते. नाकाला पदर मात्र लावत नाही. घरचं माणूस येतंय, असं मीच सांगितलं होतं.

तुमची,
आजी