मामाची न लागणारी नाडी

मामाच्या हृदयाला जोडलेला पंप रक्त सलग ढकलतो, नळाच्या धारेसारखं. त्यात ठोका नाही, म्हणून मनगटावर नाडीही लागत नाही. असेच पंप बनवणाऱ्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी काम करते, तेव्हा हे सगळं मीच मामीला समजावून सांगितलं होतं. मामीला सांगितलं म्हणजे घरादाराला कळलं, असा माझा समज. मोठी शहाणी ना मी!

गेल्या उन्हाळ्यात बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला मामाकडेच निघाले होते. मेहकरच्या स्टँडवर बुलढाण्याच्या गाडीची वाट बघत असताना मामेभावाचा फोन आला. तो रडत होता.

"बाबा गेले वं ताई."

मामी लग्नाला गेलेली. मामा भेंडीच्या वावरात चक्कर येऊन पडला, पोरांनी उचलून घरी आणला. शेजारच्या आजोबांच्या बोटांवर अख्ख्या गल्लीचा भरवसा. त्यांनी मामाची दोन्ही मनगटं धरून पाहिली आणि मान हलवली. मग रीतीप्रमाणे मामाला खाटेवरून खाली घेतलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं.

"नाडी लागत नाही म्हणून गेले?" मी भर स्टँडवर ओरडले.

"हाव. आजोबांनी दोनदा पाह्यली."

"अरे, मामाची नाडी लागतच नाही! छातीले कान लाव. घरघर येते का पाह्य."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. पंपच बंद पडला असेल तर? मी दुसरा कान बोटाने बंद केला.

"ताई, आत मोटर चालू हाय वं!"

मी बाकड्यावर मटकन बसले आणि रडतरडतच त्याला सांगितलं, पाय उशीवर ठेव, ॲम्ब्युलन्स बोलाव. मामाने उन्हात पाण्याचा घोट न घेता भेंडी तोडली होती, त्यामुळे पंपाला ओढायला पुरेसं रक्तच मिळत नव्हतं. ॲम्ब्युलन्स यायच्या आतच त्याने डोळे उघडले. फोनवर मला त्याचा आवाज ऐकू आला, "मले खाली काऊन ठेवलं बे? अन् हे पान कोनं कोंबलं तोंडात?" इतकं गोड खेकसणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

प्रयोगशाळेत आमचा ठोका देणारा पंप तोवर रखडला होता. पंपाच्या आत फिरणाऱ्या पात्याचा वेग क्षणभर उतरवायचा, मग चढवायचा. अशाने रक्त कोपऱ्यात साचत नाही, बारीक वाहिन्यांपर्यंत नीट पोचतं, अशी आमची आशा. पण वेग झटक्यात चढवला की रक्तपेशी फुटायच्या. सलग धार चालतेय ना, मग हे उपद्व्याप कशाला, असं सगळ्यांत जास्त मीच कुरकुरायचे. त्या दिवसानंतर माझी कुरकुर बंद झाली. कितीतरी आठवडे घालवून आम्ही तो चढ सौम्य केला, आणि पेशी टिकायला लागल्या.

परवा मामा तपासणीसाठी पुण्याला आला, तेव्हा त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेले. टेबलावरचा पंप नळीतून लाल पाणी खेळवत होता. मामाने डोळे मिटून नळीवर दोन बोटं ठेवली, अगदी शेजारच्या आजोबांसारखी. बराच वेळ ती उचलली नाहीत.

"लागते वं पोरी," तो म्हणाला. "ज्याले हा बसन, त्याले कोनी जितेपणी खाली ठेवणार नाही."