ढुंढिराजशास्त्रींची पाण्यावरची पाटी

अमृतराव घाटावर ढुंढिराज धुपकरांना शोधणं अवघड नाही. सगळ्यात मोठ्याने चिडलेला माणूस दिसला की तेच. बकऱ्या, नावाडी, सेल्फी काढणारी जोडपी, स्वतःचंच खांद्यावरून घसरणारं उपरणं, वैतागायला त्यांना काहीही चालतं. काशीतलं जुनं मराठी भिक्षुकी घराणं. प्रेमाने बोलायचं मराठीत, ओरडायचं हिंदीत. एकदा दिलेला शब्द मात्र ते मोडत नाहीत आणि या गुणापायी घरातल्या सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

अडचण अशी झाली की त्यांच्या नावाला भाव आला, तसे घाटावर ढुंढिराज वाढू लागले. महाराष्ट्रातला नवखा यजमान दिसला की कुणीही छातीवर हात ठेवून सांगायचं, "मीच ढुंढिराज!" अखेर त्यांच्या भाचीने, मधुराने, 'घाटभेट' नावाचं ॲप त्यांच्या फोनवर चढवून दिलं. यजमानाने आपला फोन डोळ्यांसमोर धरला, की समोरच्या घाटावर गुरुजींच्या नावाची पाटी तरंगताना दिसते. जिथे गुरुजींचा फोन, तिथे पाटी. घरी लोळत घाटावर असल्याचं भासवता येत नाही. मग दोघांनी जवळ येऊन आपापल्या फोनवर अंगठा ठेवायचा. दोन्हीकडे एकच चित्र उमटलं तर माणूस खरा.

इतकी भक्कम व्यवस्था करणाऱ्यांना सोवळं मात्र माहीत नव्हतं.

सोवळ्यात ढुंढिराज फोनला शिवत नाहीत. विधीला बसायच्या लाकडी चौकीवर ठेवत नाहीत. छत्रीच्या बांबूला अडकवत नाहीत, कारण बांबू चौकीला बांधलेला. म्हणून ते फोनची पिशवी दिनानाथ नावाड्याच्या नावेच्या टोकाला टांगतात. नाव गंगेवर, तेव्हा दोष गंगेतच गेला! हे कुठल्या शास्त्रात आहे, असं त्यांची बायको प्रमोदिनीकाकू एकदाच विचारून बसल्या होत्या.

त्या दिवशी सांगलीहून मृणालिनी येणार होत्या. त्यांचे वडील नीलकंठराव वर्षापूर्वी गेले. एकुलती एक मुलगी. काशीच्या शेवटच्या खेपेला नीलकंठरावांनी ढुंढिराजांचा हात धरून म्हटलं होतं, "माझं श्राद्ध मुलीच्या हातून व्हायला हवं. बाकीचे फाटे फोडतील. तुम्ही कराल?" आणि ढुंढिराज "करीन" म्हणाले होते. लेकीलाही त्यांनी बजावून ठेवलं होतं, ढुंढिराजच शोध, दुसऱ्या कुणापुढे बसू नकोस.

काकू पिंडांचा भात घेऊन घाटावर आल्या. दर्भ, तीळ, सगळं मांडून झालं. तेवढ्यात दिनानाथला सवारी मिळाली आणि तो शिंदे घाटाकडे निघाला. नाव गेली, पिशवी गेली, पाटीही गेली.

मुन्शी घाटाच्या बाजूने एक बाई फोन उंचावून आल्या. फोन नदीकडे वळला.

"अहो, त्याच असतील," काकू म्हणाल्या.

ढुंढिराज धावले. "मृणालिनीताई ना? नीलकंठरावांच्या? मीच ढुंढिराज!"

बाई दोन पायऱ्या मागे सरकल्या. "मघापासून मी बाबांचं नाव घेऊन विचारतेय. अख्ख्या घाटाला पाठ झालंय. असं म्हणणारे तुम्ही पहिले नाही, काका."

"अहो, पण मी खरा आहे!"

"तेही सगळेच म्हणाले. माझ्या फोनमध्ये ढुंढिराजशास्त्री पाण्यात आहेत. बघा, चाललेत."

आणि ढुंढिराजांच्या डोळ्यांदेखत त्या दुसरी नाव करून ढुंढिराजांच्या पाठलागावर निघाल्या.

"थांबा! कहाँ जा रही हैं? मी इथे आहे!" ढुंढिराज गुडघाभर पाण्यात उभे राहून गरजत होते. ऊन चढत चाललं होतं. श्राद्धाची वेळ टळली तर दिलेला शब्द पाण्यात, आणि संध्याकाळी बाईंची परतीची गाडी.

काकूंनी कपाळावर हात मारून स्वतःच्या फोनवरून नवऱ्याच्या फोनला फोन लावला. दिनानाथने पिशवीत हात घालून तो उचलला. "अरे, ई झोरा त हमरे नाव पर रह गइल!"

"लौटो, दिनानाथ! पीछे एक बहनजी आ रही हैं, उनको भी साथ लाओ!"

सवारी उतरवून दिनानाथ परतला. मागोमाग मृणालिनींची नाव; त्यांचा चेहरा रागाने लाल झालेला. काकूंनी पिशवीतून फोन काढला, तशी मृणालिनींना पहिल्यांदाच हसू आलं. "वेदमूर्ती ढुंढिराज धुपकर आता तुमच्या डोक्यावर आहेत, काकू."

"ते लग्नापासून तिथेच आहेत," काकू म्हणाल्या आणि फोनवर अंगठा दाबला. फोनने नकार दिला.

"अगं, तुझा अंगठा कसा चालेल?"

"मग तुमचा द्या!"

"मी सोवळ्यात आहे."

त्यांनी दर्भाची काडी घेऊन दुरूनच फोनला टोचून पाहिलं. मग ओल्या उपरण्याच्या टोकाने. फोन ढिम्म. शेजारच्या चौकीवरचे विश्वेशगुरुजी हसत म्हणाले, "ताई, इकडे बसा. वडिलांच्या जावयाला नाहीतर पुतण्याला बोलवा, लगेच उरकून देतो. बाईमाणसाच्या हातून पिंड कुठे देतात?"

मृणालिनींनी खांद्यावरच्या आपल्या पिशवीचा पट्टा घट्ट धरला. त्या आता रडतील असं वाटलं. ढुंढिराजांनी एकदा वर सूर्याकडे पाहिलं, एकदा विश्वेशकडे. मग बायकोच्या पदराला अंगठा खसाखसा पुसला, फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि त्यावर अंगठा टेकवला. काकूंनी तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मृणालिनींनीही अंगठा ठेवला. दोन्ही फोनवर कासव उमटलं.

"काका..."

"बोलू नका, वेळ नाही," असं खेकसत ढुंढिराजांनी फोन बायकोकडे टाकला, पायऱ्या उतरून थेट गंगेत गेले आणि डुबकी मारून ओलेत्याने वर आले. झालं, पुन्हा सोवळ्यात!

"हे मघाशीच केलं असतं तर?" काकू म्हणाल्या. "ती बाई उन्हात उगीच निम्मी काशी फिरून आली."

"मघाशी सुचलं नाही!" ढुंढिराज ओरडले, तेही मराठीत.

विश्वेशगुरुजी पुन्हा काही बोलणार, तोच ढुंढिराज त्यांच्याकडे वळले. "ती बसणार आहे. तुला शंका असेल तर गंगेत उतर आणि पाण्यात बसून विचार कर." मग चौकीवर बसून त्यांनी भाताचं पातेलं पुढे ओढलं, आणि त्यांचा आवाज इतका खाली आला की मृणालिनींना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"दक्षिणेकडे तोंड करा, बाळ. डावा गुडघा टेका. आता वडिलांचं नाव घ्या."