रुमालाखालची बोटं

रंगाच्या दुकानात लोक डबा मागतात. अगदीच छोटं काम असेल तर पाव लिटर. साळवे काका थेंब मागायचे.

"शेठ, दोन थेंब पिवळा. आणि काळा... काळा एकच चालंल."

असं म्हणून खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या काढून काउंटरवर ओळीनं मांडायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, रविवार कारंजाजवळचं माझं दुकान नवीन होतं आणि माझं डोकं आजच्यापेक्षाही लवकर तापायचं. मी म्हणालो, "काका, हे दुकान आहे. तीर्थ वाटायचं देऊळ नाही."

"तीर्थाला पण रांग असती. मी थांबतो." आणि उलट्या ठेवलेल्या पिंपावर ते दुपारपर्यंत बसून राहिले. शेवटी मीच वैतागून बाटल्या भरल्या. कंपनीचे विक्रेते ज्याच्या दुकानाची पायरी चढताना घसा खाकरून घेत, तो मी असा पहिल्याच दिवशी हरलो. या माणसानं मला पुढं आणखी एकदा फसवलं. ते कळलं तेव्हा भांडायला तो जिवंत नव्हता. माझा राग आहे तो त्याचा.

पाच-सहा महिने थेंब दिल्यावर मला संशय आला. हा माणूस माझा रंग साठवून कुठं विकत तर नसेल? एका रविवारी पत्ता विचारत मी सातपूरला त्यांच्या घरी गेलो, पकडायच्या तयारीनं. साळवे काका खिडकीशी बसले होते. पुढ्यात साबणाच्या पाण्याचं घमेलं, आणि त्यात ते एका माणसाची तंगडी धूत होते. तंगडी माझ्या करंगळीएवढी.

कारखान्याच्या टूलरूममधून ते निवृत्त झाले होते. पुतण्या बोटीवर होता. तो परदेशातून रेझिनचे पुतळे आणायचा. सुटे हात, सुटे पाय, सुटं डोकं. जोडायचे आणि रंगवायचे. साच्याचं तेल अंगाला राहतं, ते धुतलं नाही तर रंग धरत नाही. कडा पाण्यात बुडवूनच घासायच्या, नाहीतर भुकटी छातीत जाते. हात वाकडा निघाला तर गरम पाण्यात धरायचा, मऊ झाला की हवा तसा वळवायचा.

"माणसाचं पण तसंच असतं का हो?" मी आपला खवचटपणे विचारलं.

"माणूस गरम पाण्यात आणखी कडक होतो," काकांनी वर न बघता उत्तर दिलं. "तुम्ही रोज बघताच की आरशात."

काकू आत हसल्या. मी चहा न पिता उठणार होतो, पण पोह्यांचा वास आला.

कपाटात चाळीसेक पुतळे होते. एका घोडेस्वाराच्या अंगरख्याला आतून लाल अस्तर रंगवलेलं होतं. ते दिसायला पुतळा उलटा करून दिव्याखाली धरावा लागे. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "आधी आतलं रंगवायचं, शेठ. एकदा चिकटलं की ब्रश पोचत नाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर इतक्यांदा ऐकलं की माझे नोकरही त्यांची नक्कल करायचे.

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी जी सगळ्यांना सांगायचो ती. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी मला एकट्याला बैलजोडी घेऊन नांदगावच्या बाजारात पाठवलं. समोर दगडूअण्णा, बाजारातला सगळ्यात मुरलेला दलाल. तिथं सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा. भाव सांगणाऱ्यानं समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव. समोरच्याला पटलं तर तो मान हलवतो. तर मी अण्णाची चार बोटं अशी धरली की म्हाताऱ्याला मान हलवावीच लागली! त्याच भांडवलावर हे दुकान. गिऱ्हाइकाला, सोयऱ्याला, बँकेच्या साहेबाला, सगळ्यांना मी ही गोष्ट ऐकवलेली आहे. भाव पाडून मागणाऱ्याला तर आधी ऐकवायचो.

शेजारचा गाळा घेऊन दुकान मोठं केलं तेव्हा मला वाटलं, हा प्रसंग काचेच्या पेटीत काउंटरवर हवा. काकांकडं त्या वेळी पत्ते खेळणाऱ्या दोन गोऱ्या खलाशांचा पुतळा आला होता. काका म्हणाले, "पत्ते काढून घेऊ, फेटे बांधू, वर रुमाल टाकू. झालं." मग प्रश्न सुरू झाले. बैल कुठल्या रंगाचे होते? बैल पुतळ्यात नाहीतच की! नसू देत, सांगा. अण्णाच्या फेट्याचा शेव कुठल्या खांद्यावर? ऊन कुणाच्या डोळ्यावर होतं?

"आणि बोटं?" एक दिवस दुकानात येऊन त्यांनी विचारलं.

मी भडकलो. "अहो, वरून रुमाल येणार! कोणाला दिसणार आहेत बोटं?"

"मशीनच्या पोटातलं पण कुणाला दिसत नव्हतं. मापात नसलं की मशीन बोंबलायचं." त्यांनी गळ्यातला पंचा काढून काउंटरवर माझ्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली सरकवला. "मी दगडूअण्णा. करा सौदा."

मी जोरात होतो. तो असं म्हणाला, मी तसं म्हणालो, तो हसला, मी ऐकलं नाही... दोन गिऱ्हाइकं उभी राहून ऐकत होती, त्यामुळं जरा जास्तच रंगलो. काका माझ्या तोंडाकडं बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी पंचा झटकला, घडी घातली.

"कळलं का?" मी विचारलं.

"कळलं."

महिन्याभरात पुतळा आला. दगडावर समोरासमोर बसलेले दोघं, अण्णाच्या मिशीतले पांढरे केससुद्धा वेगळे. माझ्या चेहऱ्यावर असा रुबाब की मीच बघत बसलो. मधे लालबुंद रुमाल. मी विचारलं, "बोटं बरोबर केलीत ना? चार?"

"तुम्ही दाखवली तशी केली," काका म्हणाले. घासाघीस करायची माझी जय्यत तयारी होती. त्यांनी मोबदला काय मागितला? थेंब. जन्मभर. मला वाटलं, मारला म्हाताऱ्याला.

थेंब दहा-बारा वर्षं गेले. मग हात कापायला लागले, बाटल्या येईनाशा झाल्या, आणि एका उन्हाळ्यात काका गेले. मी सातपूरला जाऊन आलो. खिडकीशी एक शिपाई अर्धवट होता. त्याच्या कोटाचं अस्तर रंगवून झालं होतं, कोट राहिला होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत काचेची पेटी माझ्याच कोपरानं पडली. दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, याचंच आधी वाईट वाटलं. पुतळा धड होता. फक्त रुमाल सुटून बाजूला पडला होता.

मी चष्मा लावला. मग दिव्याखाली नेऊन बघितलं. अण्णाची चार बोटं माझ्या मुठीत नव्हतीच. माझा पंजा उघडा पडला होता आणि त्यातली दोन बोटं अण्णानं धरली होती. नखंसुद्धा रंगवलेली. त्या दोन बोटांची टोकं दाबल्यासारखी पांढरी.

तसंच झालं होतं. त्यानं माझी दोन बोटं धरली आणि माझ्या डोळ्यांत इतका वेळ बघत राहिला की मी मान हलवली. घरी सांगितलं, बाजार पडला. दुकान त्या पैशातून नाही निघालं. सात वर्षं सायकलवर चुन्याच्या आणि रंगाच्या पुड्या विकल्या, त्यातून निघालं. पण सायकलची गोष्ट कोण ऐकणार? म्हणून बैलांची गोष्ट उलटी केली. बायकोलाही खरं माहीत नव्हतं. मग या टूलरूमवाल्याला कुणी सांगितलं? आणि कळलं होतं तर तोंडावर का नाही बोलला? मी दुकानात एकट्यानंच त्यांना दोन शिव्या दिल्या, आणि रुमाल होता तसा चिकटवून टाकला.

आठवड्यानं म्हसरूळचा एक जण घराला रंग घ्यायला आला. भावावरून घोळ घालायला लागला. मी नेहमीसारखा पेटीकडं हात करून सुरू झालो. "नांदगावच्या बाजारात मी दगडूअण्णाची..." आणि माझं लक्ष खाली गेलं. काउंटरवर माझा उजवा हात उताणा पडला होता, पंजा उघडा, दोन बोटं पुढं. कुणीतरी धरावीत म्हणून वाट बघत असल्यासारखी.

इतकी वर्षं गोष्ट सांगताना तो असाच पडत असणार. काकांच्या पंचाखालीही.

"दगडूअण्णाची काय?" गिऱ्हाईक म्हणालं.

"दगडूअण्णानं माझी दोन बोटं धरली," मी म्हणालो. "आणि मी मान हलवली. लुटला गेलो."

तो माणूस पेटीकडं, मग माझ्याकडं बघत राहिला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "म्हणजे शेठ, तुम्हाला पण गंडवता येतं तर," असं म्हणत त्यानं डब्याचा असा भाव सांगितला की एरवी मी त्याला पायरीखाली उतरवला असता.

मी पेटीतल्या लाल रुमालाकडं बघितलं, आणि मान हलवली.