नासिरभाईंचं चुरमुऱ्यांचं खोकं

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. सकाळी गॅस सिलिंडर आला. दुपारी नासिरभाईंच्या सांगण्यावरून माझ्या गॅलरीतून चहाचा सेट खाली टाकला.

नासिरभाई तांबोळी म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे कपबशीवाले. मागच्या पावसाळ्यात गल्लीतलं गटार तुंबून पाणी दुकानात शिरलं. गटारातून निघालं काय, तर त्यांच्याच दुकानातून गेलेलं बबल रॅप. त्या दिवसापासून त्यांनी प्लास्टिक सोडलं. काही माणसं तंबाखू सोडतात तसं, म्हणजे चिडचिड करत.

आधी खोक्यात पेंढा भरून पाहिला. एका किटलीची तोटी गेली. त्यांची लेक अर्शिया हिंजवडीतल्या कंपनीत आहे. बुधवारी घरून काम करते, म्हणजे दुकानात बसून वडिलांना सुधारते. ती म्हणाली, “अब्बा, किटली फुटली म्हणजे माती, भट्टी, ट्रकचं डिझेल, सगळंच कचऱ्यात. त्यापेक्षा प्लास्टिक बरं. आता वाघोलीच्या शर्मिलाताईंनी मागवलेल्या सेटमधला एक जरी कप फुटला, तर उद्यापासून बबल रॅप. कबूल?”

“कबूल,” म्हणाले, आणि मार्केट यार्डातून चुरमुऱ्यांचं पोतं घेऊन आले. कचरा उरायलाच नको. कप काढा आणि चुरमुरे खा.

चाचणीसाठी तो सेट चुरमुऱ्यांत भरून खोकं माझ्या गॅलरीत आणून ठेवलं आणि मला खालून हाक आली. “काकू, टाका बिनधास्त!”

“खाली माणसं आहेत, नासिरभाई.”

“ती होतील बाजूला. कपांचं बघा.”

शाळेत मी थ्रोबॉल खेळत असे. खोकं नेमकं त्यांच्या स्कूटरवर आपटून फरशीवर गेलं. कप सगळे शाबूत. स्कूटरचा आरसा मात्र गेला.

“आरसा पैजेत नव्हता,” ते घाईघाईनं म्हणाले.

“नव्हताच,” अर्शिया म्हणाली. “त्याला चुरमुरे कुठे लावले होते!”

तेच खोकं पुन्हा बांधून टेम्पोनं वाघोलीला गेलं. संध्याकाळी मी खाली दुकानात असतानाच शर्मिलाताईंचा फोन आला. नासिरभाईंनी स्पीकर लावला आणि डोळे मिटून घेतले.

“सेट अगदी व्यवस्थित मिळाला,” त्या म्हणाल्या. “पण चुरमुरे मऊ पडलेत हो. आणि शेव घालायला विसरलात का?”

अर्शियानं सोबत आणलेला बबल रॅपचा रोल माळ्यावर टाकला आणि पुढचं खोकं भरायला घेतलं. मी वर यायला निघाले तेव्हा नासिरभाईंनी मला पिशवीभर चुरमुरे दिले.

रात्री वहीत लिहिलं: चिवडा केला. कढीपत्ता संपला.