ढोल्याचं घोरणं

शिंपीणबाईंच्या दुकानात संध्याकाळी युद्धाची मालिका लागली, की कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं तिथेच ठाण मांडायची. मतं प्रत्येकाला होती. कोणाला नायक गुळगुळीत वाटायचा, कोणाला नायिका रडकी. बाईंचा राग भलताच होता. “महिनाभर खंदकात लोळतायत, पण विजारीची इस्त्री मेली मोडत नाही!”

बाईंचे यजमान कोपऱ्यात बटणं लावत बसायचे. स्वतः लढाईवर जाऊन आलेला माणूस. पण मत विचारलं, की तोंडाला कुलूप. तीस वर्षांच्या संसारात बाईंनाही त्यांनी लढाईबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मालिकेतले दोन शिपाई घोरण्यावरून भांडले.

“काहीतरीच!” दूधवाला म्हणाला. “तोफा धडाडतायत, आणि यांना घोरणं सुचतंय?”

कोपऱ्यातून हसू फुटलं. “भांडतात हो. मी ढोल्याच्या नाकात कापूस कोंबला होता.”

बाईंचं मशीन थांबलं. “कोण ढोल्या?”

“माझा दोस्त,” ते म्हणाले आणि हातातली सुई त्यांनी खाली ठेवली.

बाईंनी उठून टीव्हीच बंद केला.

“अहो, ऐन रंगात?” गिऱ्हाइकं ओरडली.

“गप्प बसा! त्यातलं पुढचं उद्या कोणीही सांगेल,” म्हणत बाईंनी स्टूल नवऱ्याजवळ ओढलं.