भिंतीपलीकडचा शुक्रवार

निंबोल्याच्या आमच्या घरात टीव्ही एकच होता, पण भुतं दोन प्रकारची होती. एक पप्पांची आणि एक आईची.

पप्पांची भुतं खरी होती, असं पप्पा म्हणायचे. काळे टी-शर्ट घातलेले चार-पाच जण बंद पडलेल्या एखाद्या इमारतीत शिरायचे. त्यांच्या हातातल्या मशीनचा लाल दिवा लुकलुकला की ते श्वास रोखायचे आणि पप्पांचा घासही तोंडाशी थांबायचा. आईची भुतं मालिकेतली. त्यात मोठी हवेली, केस मोकळे सोडलेली बाई आणि लाल साडीतली एक कपटी जाऊ. ती खोटी आहेत म्हणूनच बघवतात, असं आई म्हणायची.

रात्री वीज राहीलच याचा भरवसा नसायचा, म्हणून दोघंही दुपारचे पुन्हा दाखवलेले भाग बघायचे. पप्पा केळीच्या बागेतून जेवायला आले की त्यांचा कार्यक्रम लागायचा. तो संपायच्या आत आईची मालिका सुरू व्हायची. रिमोट ताटाजवळ असायचा आणि वाद रोजचा.

"अहो, तुमच्या त्या मशीनवाल्यांना इतक्या वर्षांत एक तरी भूत घावलं का?"

"घावतं. तुझ्या मालिकेतल्यासारखं पावडर लावून दारात उभं राहत नाही ते."

मी दोघांच्या मध्ये वही घेऊन बसायची. खरं सांगायचं तर मला त्या दोन्हींत फारसा फरक दिसत नव्हता. दोन्हीकडे चित्र हिरवट-निळं. दोन्हीकडे दार कुरकुरायचं, कुणीतरी मागे वळून बघायचं आणि नेमका तेव्हाच ब्रेक लागायचा. मालिकेत समई विझायची, पप्पांच्या कार्यक्रमात टॉर्च. सुरुवातीला पाटी यायची, इकडे 'सर्व पात्रे काल्पनिक', तिकडे 'फक्त मनोरंजनासाठी'. पप्पा नेमके त्याच वेळी पाणी प्यायला उठायचे. त्यांनी ती पाटी मुद्दाम वाचली नाही की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या आधी आईच्या लक्षात आली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन्हीकडं मेलेली बाईच असते, बघितलं का? माझ्या मालिकेत निदान तिला काय झालं ते विचारतात तरी. तुमचे लोक 'कोण आहे, कोण आहे' ओरडतात आणि उत्तर यायच्या आत पळतात."

पप्पांनी भाजी अजून वाढून घेतली.

हे सगळं एखाद्या निबंधात लिहावं, असं कॉलेजात एकदा वाटलं होतं. पण सरांना हे विषय हलके वाटतील म्हणून मी दुसरंच काहीतरी लिहून दिलं. आता दोघांकडे वेगळे मोबाइल आहेत. दोघंही कानात इयरफोन घालून आपापलं बघतात आणि जेवताना घर अगदी शांत असतं. सुट्टीत घरी गेले की तो रिमोटचा वाद मला फार आठवतो.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पहिलं वर्ष मी गावाहून बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात बसने ये-जा करत काढलं. भरलेली बस थांब्यावर थांबायची नाही आणि पहिले तास हुकायचे. शेवटी कॉलेजने सांगितलं, हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. मग पप्पा म्हणाले, "एक तर बुऱ्हाणपुरात खोली बघू, नाहीतर राहू दे." 'राहू दे' म्हणजे कॉलेज सोडून दे. ते हळू आवाजात म्हणाले, पण मी ऐकलं.

एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी इतवारा मोहल्ल्यात एक वरची खोली मिळत होती. घरमालकीण शहरातल्याच लालबाग भागात राहायच्या आणि स्वभावाने फार सरळ होत्या. किल्ली दाखवतानाच त्यांनी सांगून टाकलं, "आधीची पोरगी तीन महिन्यांत गेली. म्हणायची, दर शुक्रवारी भिंतीतून आवाज येतो. गरगर, मग थांबतो, मग बांगड्या वाजतात. मी तर शुक्रवारी कधी इकडे आले नाही बाई, खोटं कशाला सांगू?"

आईने माझा दंड धरला. पप्पा मात्र सरळ बसले. इतक्या वर्षांचं बघितलेलं कामी येणार असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "शुक्रवारीच येऊ आपण."

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं आणि त्या मालकीणबाई खोलीत उभे होतो. आईने पदराच्या टोकात लिंबू बांधून आणलं होतं. पप्पांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो खिडकीत ठेवला. बाहेर इतकं शांत होतं की मला आधी तेच विचित्र वाटलं. त्या गल्लीत बाकी दिवशी कापड विणणाऱ्या पॉवरलूमचा खडखडाट असतो. पहिल्यांदा खोली बघायला आलो तेव्हा आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोललो होतो.

आणि मग तो आवाज आला. गरगर, गरगर. थांबला. बांगड्या किणकिणल्या. पुन्हा गरगर.

आईने डोळे मिटले. पप्पांनी घसा खाकरला आणि अगदी त्या कार्यक्रमातल्या माणसासारखा जड आवाज काढून हिंदीत म्हणाले, "अगर यहाँ कोई है, तो हमें इशारा दो." आणि भिंतीवर तीनदा ठोकलं.

गरगर थांबली. टीव्हीवर असतं तर इथे ब्रेक लागला असता.

"कौन है रे?" भिंतीतून आवाज आला. "कांडी भर रही हूँ, दीवार क्यों तोड़ रहे हो?"

मालकीणबाई मटकन खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या. पप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते भिंतीला म्हणाले, "माफ करना, बहनजी."

मागच्या खिडकीतून वाकलं की तिची गच्ची दिसत होती. ती तिथे येऊन उभी राहिली. पन्नाशीची बाई, ओढणीला सुताचे धागे चिकटलेले. तिच्या घराचं दार मागच्या गल्लीत होतं, म्हणून इकडच्यांना ती कधी दिसलीच नव्हती. शुक्रवारी सुट्टी म्हणून लूम बंद असली तरी शनिवारी सकाळी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायला सुताच्या कांड्या लागतात, आणि त्या ती हाताच्या चरख्यावर भरते, असं तिने सांगितलं. "रोज भरती हूँ. शुक्रवार को ही सुनाई देती है तो मैं क्या करूँ?"

पप्पांनी सुटकेने आईकडे बघितलं. "झालं? मिटलं?"

आई मात्र हसत नव्हती. ती खिडकीजवळ गेली, आणि आमच्याशी नाही, त्या बाईशीच तुटक हिंदीत बोलायला लागली. "भूत को तो नींबू चलता है, दीदी. आदमी लोग का क्या करूँ? पोरगी एकटी राहणार."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस आईला भुताची भीती वाटतच नव्हती.

त्या बाईने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तीन बेटियाँ बिदा की हैं इसी घर से. ये दीवार इतनी पतली है कि इसकी छींक भी सुन लूँगी. आप बेफ़िक्र गाँव जाओ." मग पप्पांकडे हनुवटी उडवून म्हणाली, "बस, इनको बोलो ठोका-ठोकी न करें."

दोघी पुढे बराच वेळ बोलत राहिल्या. सुताबद्दल, मुलींच्या सासरबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला हिंदी धड येत नव्हती. मी आणि पप्पा भिंतीला टेकून उभे होतो. आईच्या तोंडून 'हो' यावं म्हणून मी वाट बघत होते, पण मध्ये बोलायची हिंमत झाली नाही.

तिने 'हो' असं कधी म्हटलंच नाही. जिना उतरताना अर्ध्यात थांबून तिने मालकीणबाईंना विचारलं, "मावशी, सिलेंडर आत ठेवायचा का गॅलरीत?"

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "गॅलरीत ऊन येतं. आतच ठेवू."