आपाच्या खोलीतला फोन

आपानं कुणाच्या पुढ्यात ताटली ठेवली की त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडायचा. तिच्या हाताला चव नव्हती असं मुळीच नाही. तिच्यासारखं आंबट वरण दिग्रसच्या आमच्या गल्लीत कुणाला जमत नसे. तरी तिनं "बस, काही खाय" म्हटलं की धडधाकट माणसं दारातच थबकायची. याला कारण तिच्या खोलीतला फोन.

मी लग्न होऊन दिग्रसला आले ती साठ सालाच्या आसपास. आमच्या समोर हबीबसेठ कापसाचे व्यापारी राहत. त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे अख्ख्या गल्लीची आपा. अकोल्याचा भाव सकाळीच कळावा म्हणून सेठनी फोन घेतला. खांबावरची तार आपाच्या खोलीत सोपी उतरत होती, म्हणून ती काळी पेटी तिच्याच भिंतीवर बसली. हॅण्डल फिरवलं की एक्स्चेंजचा बाबू बोलायचा. सेठ दिवसभर बाजारात, आणि घरी आपा. गल्लीनं आपापल्या नातेवाइकांना तोच नंबर देऊन टाकला. पुढं 'पीपी' लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणसाला बोलावून द्या.

बोलावून कोण देणार? आपा. गुडघे सुजलेले, पायात सपाता, ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत जायची. घंटी वाजली की फोनवरच करवादायची, "आली रे बाबा, आली! कायले वरडून राह्यला?" यवतमाळला नोकरीला असलेला गल्लीतला एक जावई, त्याचे साहेब जागेवर नसले की, ऑफिसातून फोन लावायचा आणि सासूला लोणच्यात मोहरी किती घालायची ते विचारायचा. "हबीबनं मशीन घेतलं आपल्या धंद्यासाठी, अन् चाकरी टाकली माह्या गळ्यात," आपा म्हणायची. म्हणायची, आणि पुन्हा सपाता चढवायची.

पण असे फोन थोडे. ट्रंक कॉल महाग, त्यामुळं बारशाची, लग्नाची बातमी लोक पोस्टकार्डावर कळवत. फोन यायचा तो बहुधा कुणी गेल्याचा. असा पहिला फोन आला सखूबाईसाठी. ती सेठच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. आपानं दारातच सांगून टाकलं, तुझा भाऊ गेला. सखूबाई सकाळपासून उपाशी होती, ती उभ्या उभ्या कोसळली. आपानं ते फार मनाला लावून घेतलं. पुढं तिनं रीतच पाडली. माणसाला घरात बसवायचं, दोन घास खाऊ घालायचे, मग सांगायचं. "मंग त् घरात चूलच पेटत नाही," ती मला म्हणाली होती. "अन् उपाशी पोटी रडनंही होत नाही, बाई." ज्यांना तिच्या घरचं चालत नसे त्यांच्यासाठी तिनं फुटाणे आणि गुळाचा डबा भरून ठेवला होता.

ही रीत गल्लीला कळायला कितीसा वेळ लागणार! ईदेला आपा शेजारच्या शिंप्याकडे शीरखुर्मा घेऊन गेली. त्याच्या बायकोनं वाटी पाहिली आणि दाराची चौकट घट्ट धरली. "पयले सांगा आपा, कोन गेलं?" आपा वाटी घेऊन परत आली. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "मले लोकायले खाऊ घालाची लई हौस, सुमन. आता माहं ताट पाह्यलं का लोकायले मढं दिसते."

सेठच्या मुलीचा निकाह ठरला तेव्हा आपा हटून बसली. ती पोर तिनंच वाढवली होती. "माह्या पोरीच्या लग्नात तरी लोकं हासत जेवले पाह्यजे. ते मशीन तुह्या कारखान्यात ने." सेठनी अर्ज केला, खेटे घातले, आणि एकदाची टेलिफोन खात्याची माणसं येऊन फोन गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये घेऊन गेली. पेटी निघत होती तेव्हा सखूबाई आली होती. "आपा, तिथून आम्हाले बोलवाले कोन येईन?" आपानं वर पाहिलं नाही. "मी थकली, सखू. आता मले सुटू दे."

लग्नात गल्ली जेवली. आमच्यासाठी वेगळा आचारी, वेगळी पंगत. आपा सुजल्या पायांनी दोन्ही पंगतींतून आग्रह करत हिंडत होती, आणि लोक मागून मागून घेत होते. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

त्याच हंगामात माझे वडील दारव्ह्याला आजारी पडले. मी ओट्यावर तूर पाखडत होते. कारखान्याचा चौकीदार सायकलवरून आला, पाय टेकून उतरलाही नाही. "ओ बाई, दारव्ह्याचा फोन होता! तुमचे वडील गेले!" असं ओरडला आणि वळला. त्याला तरी काय बोलायचं, बिचारा फाटक उघडं टाकून आला होता. पण मला उमजण्याआधी भाजीवालीला कळलं, खेळणाऱ्या पोरांना कळलं. आपा अनवाणी धावत आली. तिनं मला घरात नेलं आणि आमचे हे शेतातून येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

वडिलांचं दिवसपाणी आटोपून, महिनाभर माहेरी राहून परतले, तर आपाच्या खोलीत लाइनमन भिंतीला पेटी ठोकत होता. मला तिचाच राग आला. "आपा, सुटला होतात ना? आता पुन्हा कोण तुमच्याकडं सुखानं जेवणार?"

"न जेवो," ती म्हणाली. "थकली त् मी आजबी हाओ. पन कोनाच्या बापाचं मरन असं सायकलीवरून फेकू देत नाही मी."

लाइनमन यवतमाळचा, सकाळच्या गाडीनं उपाशी आलेला. गल्लीतलं त्याला काही ठाऊक नव्हतं. काम संपल्यावर आपानं त्याच्यापुढं भाकर आणि आंबट वरण ठेवलं. तो मांडी घालून बसला आणि भुरके मारत जेवू लागला. आपा त्याच्यासमोर बसून पाहत राहिली. त्यानं पुन्हा वरण मागितलं तेव्हा ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि वाढता वाढता तिला रडू फुटलं.

तो घाबरला. घास तसाच धरून म्हणाला, "काय झालं, आपा? कोनी गेलं काय?"

"कोनी नाही गेलं, बाबा," आपा म्हणाली. "तू जेव."